द्राक्षाची तपासणी होते, फवारणाऱ्याची नाही

फवारणी करणाऱ्या माणसाला ‘रोज पहाटे चालायला जा, अर्जुनसालीचा काढा घे, हळदीच्या गोळ्या सुरू कर, म्हणजे औषधांचा हृदयावर परिणाम होणार नाही’ असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. हा सल्ला आता सोलापूर जिल्ह्यात गावोगावी ऐकू येतो. आरोग्य शिबिरात ऐकू येतो, व्याख्यानात ऐकू येतो. एका कृषी प्रदर्शनात तर स्टॉलवरच्या पोरानं माझ्या हातात पत्रकच ठेवलं : अर्जुनसाल, हळद आणि डाळिंबाच्या सालीचा अर्क, खास ‘रासायनिक शेती करणाऱ्यांच्या हृदयासाठी’. पुरावा काय, असं विचारलं तर म्हणाला, परदेशात संशोधन झालंय. कुणावर, असं विचारलं तर म्हणाला, उंदरांवर.

संशोधन झालंय हे खरं आहे. इराण, इजिप्त, तुर्कस्तान आणि आपल्याकडेही असे प्रयोग होत असतात. उंदरांना डायझिनॉन, क्लोरपायरीफॉस किंवा मॅलाथिऑन या कीटकनाशकांचा मोजून डोस देतात. काहींना रोज पट्ट्यावर पळवतात किंवा पाण्यात पोहायला लावतात, काहींना एखाद्या वनस्पतीचा अर्क पाजतात. काही आठवड्यांनी उंदीर मारून हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. व्यायाम केलेल्या किंवा अर्क घेतलेल्या उंदरांत पेशींची नासधूस थोडी कमी दिसते. प्रयोगशाळेत अशा गोष्टी तपासल्याच पाहिजेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या उंदराला एकच विष मिळतं, ठरलेल्या मापानं. पुष्कळदा अर्क विषाच्या आधीपासून किंवा विषासोबतच चालू असतो. आणि तो उंदीर भर उन्हात पाठीवर पंप घेऊन आठ तास राबत नाही. उंदराच्या पिंजऱ्यातून थेट सांगोल्याच्या डाळिंब बागेत उडी मारणारा हा दावा विज्ञानाच्या नावावर चालवलेली लूट आहे. ज्याची ही लूट होते तो फवारणीच्या रोजावर घर चालवतो.

ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरात काय करतात ते समजून घ्या. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन नसांकडून स्नायूंना, ग्रंथींना आणि हृदयाला निरोप पोचवतं. निरोप पोचला की कोलिनएस्टरेज नावाचं विकर त्याचा निकाल लावतं. हे विष त्या विकरालाच जखडून टाकतं. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं. तोंडाला लाळ सुटते, घामानं अंग निथळतं, पोटात कळा येतात, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू थडथड उडू लागतात. हृदयाचे ठोके कधी फार मंदावतात, कधी बेफाम होतात. ईसीजीवर क्यूटी अंतर लांबतं आणि त्यातून जीवघेणी लय सुरू होऊ शकते. बहुतेक मृत्यू श्वास बंद पडून होतात, काही हृदयाची लय बिघडून. यावर उपाय आहेत : ॲट्रोपिन, पाम आणि वेळेवर मिळालेला व्हेंटिलेटर. शुद्धीवर आलेला माणूससुद्धा एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू लुळे पडून जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर त्याला लवकर घरी सोडत नाहीत. जखडलेलं विकर मोकळं करणारी साल किंवा पाला माणसात अजून कुणी सिद्ध केलेला नाही. तरीही ‘हृदय सुरक्षित राहील’ असं छापणाऱ्याच्या मनगटात बेडी पडली पाहिजे.

तीव्र विषबाधा सोडली, तरी रोज थोडंथोडं अंगात जाणारं विष उरतंच. हवाई बेटांवरच्या जपानी वंशाच्या सुमारे आठ हजार पुरुषांची १९६५ पासून नोंद ठेवली गेली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियतकालिकात आले. कामामुळे कीटकनाशकांशी सर्वाधिक संबंध आलेल्यांत पहिल्या दहा वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका ४५ टक्के जास्त दिसला. म्हणजे भीती खरी आहे. तिच्यावर उभं केलेलं दुकान मात्र खोटं आहे.

आता द्राक्षबागेत चला. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की उत्तर सोलापूरच्या नान्नजपासून पंढरपूरच्या कासेगावपर्यंत डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीनं फवारणीला खंड नसतो. मांडव डोक्यावर, म्हणून गनचं तोंड वर. जे पानाला लागत नाही ते फवारणाऱ्याच्या कपाळावर, पापण्यांवर, मानेवर उतरतं. दुपारपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो आणि चिकटलेला शर्ट औषध कातडीवर धरून ठेवतो. औषध मोजायला टोपण, किती टोपणं ते दुकानदार सांगेल तेवढी. ड्रममध्ये बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक, स्टिकर सगळं एकत्र, ढवळायला हाताशी सापडेल ती काठी आणि कधी कधी नुसता हात. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं. बाटलीवरच्या घडीपत्रकातली अक्षरं तरुण डोळ्यांनाही वाचवत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत पाणी असलं तर हात धुवायचे, नसलं तर गमछाला पुसून भाकरी सोडायची. हे काम बहुतेकदा बागेचा मालक करत नाही. करतो तो रोजंदारीवरचा माणूस, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नसते.

छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, ज्याला बागेत ‘पेस्ट लावणं’ म्हणतात. फडकं किंवा स्पंज त्यात बुडवायचा आणि डोळ्याडोळ्यावर फिरवायचा. हे रसायन कातडी जाळतं. शिवाय शरीरात मद्याचं पचन पुरं करणारं विकर ते बंद पाडतं. म्हणून दिवसभर पेस्ट लावलेल्या माणसानं संध्याकाळी थोडी जरी दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस कोलमडतो. युरोपीय संघानं २००८ मध्येच या रसायनाला परवानगी नाकारली. आपल्याकडे मजूर ते अजून हातानं लावतात. हे रसायन लावलं त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवू नकोस, हे एक वाक्य त्याला स्पष्ट सांगायला किती खर्च येतो? तेवढंही न सांगणारे लोक त्याला हृदयासाठी अर्क सुचवतात, हे निर्लज्जपणाचं आहे.

व्यायामाचंही तेच. व्यायाम हृदयासाठी चांगला आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी घाम गाळा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्या सल्ल्याची खरी गरज खुर्चीत बसणाऱ्या माणसाला आहे. सोळा लिटरचा पंप भरून पाठीवर घेतला की निदान तेवढ्या किलोचं ओझं झालं, आणि ते घेऊन ओळीओळीनं सरी तुडवायच्या. यापेक्षा कष्टाचा व्यायाम कोणता? शरीर जितकं राबतं तितका श्वास खोल जातो आणि त्या श्वासाबरोबर फवाऱ्याचे कण आत जातात. तापलेल्या, घामेजल्या कातडीतून विष जास्त शोषलं जातं. म्हणजे फवारणीच्या दिवशी अंगमेहनत जितकी जास्त, तितकं विष जास्त आत. तिथं ‘व्यायाम करा’ म्हणणाऱ्यानं मे महिन्यात ४३ अंशांवर डाळिंबाच्या बागेत अर्धा तास पंप उचलून दाखवावा, मग बोलावं.

आणि कायदा? कायदा आहे, आणि तो या काढेवाल्यांपेक्षा फार शहाणा आहे. कीटकनाशके अधिनियम १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. त्यातला नियम ३७ सांगतो की कीटकनाशकं हाताळणाऱ्या आणि फवारणाऱ्या कामगारांची कामावर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि तिची नोंद ठेवली पाहिजे. औषध ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं असेल, तर रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजण्याची तरतूदही त्यात आहे. पुढचे नियम संरक्षक कपडे, हातमोजे, बूट, श्वसनाची साधनं, प्रथमोपचार, उतारा आणि प्रशिक्षण यांबद्दल आहेत. पन्नास वर्षं उलटून गेली. माझ्या माहितीतल्या एकाही बागेत फवारणाऱ्याच्या रक्ताची अशी तपासणी कधी झालेली नाही. सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तालुक्याला कृषी अधिकारी आहे. या सगळ्यांच्या मधोमध नियम ३७ धूळ खात पडला आहे आणि त्याची आठवण कुणालाच होत नाही.

तपासणी आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणेल, तर त्यानं द्राक्षाकडे पाहावं. युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडल्याची ओरड झाली, तेव्हा आपण ग्रेपनेट उभं केलं. प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख, सगळं झालं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट सापडून माल अडकला, तर अख्खी यंत्रणा खडबडून जागी झाली. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतका सूक्ष्म अंश आपण शोधून काढतो. डाळिंबासाठी अनारनेट आहे. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाच्या पोटात काय जाईल याचा हिशेब आपल्याकडे दशांशात आहे. ते घड ज्यानं पिकवले त्याच्या रक्तात काय गेलं, याचा हिशेब कागदाच्या चिठोऱ्यावरही नाही. परकीय चलन अडलं तेव्हा आपल्याला यंत्रं, माणसं, पैसा आणि शिस्त सगळं मिळालं. मजूर आजारी पडला तेव्हा आपल्याला काढा सुचला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, यापेक्षा दुसरं काय म्हणणार?

द्राक्ष पिकवणाऱ्या कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशा कामगारांवर वैद्यकीय देखरेखीचा नियम आहे. हंगामाआधी प्रत्येकाचं मूळ कोलिनएस्टरेज मोजतात, कारण ते माणसागणिक वेगळं असतं. पुढे ते २० टक्क्यांनी उतरलं की कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींतलं ३० टक्क्यांनी उतरलं की त्या माणसाला औषधापासून दूर ठेवतात. लक्षणं दिसायच्या आत धोका कळतो. हृदयाचं संरक्षण याला म्हणतात.

आणि उपाय सिद्ध कसा करतात हे शिकायला परदेशातही जायला नको. कोकणात महाडच्या परिसरात लाल विंचू चावून मुलं मरत होती. त्या विषाचा मारही हृदयावरच होतो. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथं रुग्णांच्या उशाशी बसले, ठोके आणि रक्तदाब तासातासाला नोंदवले, मृत्यूची कारणमीमांसा केली आणि प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास होतं, ते एकावर आलं. त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, जगानं तपासलं आणि मान्य केलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माणसावर, उघडपणे, आकड्यांनिशी सिद्ध झालेल्या उपायाचं नाव संरक्षण. अर्जुनसालीत काही गुण असतील, तर तेही याच वाटेनं सिद्ध करून दाखवा. तोवर तिच्या नावानं मजुराच्या खिशात हात घालू नका.

या सल्ल्यामागे एक जुनी चलाखी आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळीनं पिच्छा पुरवला होता, औषधांची मिश्रणं दुकानातून सर्रास विकली जात होती. सरकारनं पाच औषधांवर काही काळ बंदी घातली. पण पहिला ठपका कुणावर आला? मेलेल्यांवर. मास्क लावला नाही, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, उपाशीपोटी फवारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही आपली रीत. काढा आणि व्यायामाचा उपदेश याच आरोपाचा नवा अवतार आहे. उद्या एखादा मजूर छातीला हात लावून कोसळला की म्हणायला मोकळे : त्यानं स्वतःच्या तब्येतीची काळजी घेतली नाही, गोळ्या घेतल्या नाहीत. विष बनवणारा सुटतो, विकणारा सुटतो, परवाना देणारा सुटतो, बागमालक सुटतो. अडकतो तो मेलेला माणूस.

परवाना देणाऱ्यांचा कारभार तरी पाहा. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी २००५ मध्ये बंदी आली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या त्याच्या धोक्यांवर अहवाल काढला. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनातून तेच विष पोटात जाऊन २३ मुलं मेली. यवतमाळ २०१७ मध्ये घडलं. आणि मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएलच्या बंदीचा आदेश निघाला २०२३ मध्ये, तोही असलेला साठा विकायची मुभा देऊन. २०२० मध्ये केंद्रानं २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात क्लोरपायरीफॉस होतं, क्विनॉलफॉस होतं, डायमेथोएट होतं. कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि यादी आक्रसत गेली. शेजारच्या श्रीलंकेनं १९९५ पासून अशी जहाल औषधं एकेक करून बाजारातून काढली. तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं आणि या बंद्यांमुळे पीक बुडालं नाही. एका सरकारी आदेशानं जितकी हृदयं वाचतात, तितकी दुनियेतल्या सगळ्या अर्कांनी वाचणार नाहीत.

मेल्यानंतरची गोष्टही ऐका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा हा अपघात धरला आहे आणि मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. चांगलं आहे. पण लाभ कुणाला? वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्या भूमिहीन मजुराच्या विधवेनं कुठल्या खिडकीपुढे उभं राहायचं? विष त्याच्या अंगावर आणि भरपाई खातेदाराच्या नावावर, ही वाटणी कुणी केली आणि आपण ती का चालवून घेतली?

फवारणीच्या माणसाला खरंच काही सांगायचं असेल, तर हे सांगा. लाल त्रिकोणाची, म्हणजे सर्वांत जहाल विषाची, बाटली घरात आणू नकोस. फवारताना मळमळ, लाळ, घाम, अंधारी किंवा छातीत धडधड वाटली की काम तिथंच थांबव. कपडे उतरव, साबणानं भरपूर पाण्यात अंग धू. सोबत्यांनाही सांगा : दूध, तूप, लिंबू, मिठाचं पाणी काही पाजू नका, मुद्दाम उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला विष कोणतं ते कळेल. काढा करत बसलात तर तेवढ्यात वेळ हातची जाईल.

आणि बागमालकांना, म्हणजे माझ्याच भावकीतल्या, माझ्याच पंगतीत बसणाऱ्या माणसांना सांगतो : उंदरांच्या प्रयोगाची कात्रणं मजुराला वाचून दाखवू नका. बागेत साबण आणि पाण्याची टाकी ठेवा, उन्हात घालता येतील असे कपडे आणि हातमोजे द्या, फवारणीचे दिवस माणसांत वाटून घ्या, एकालाच रोज जुंपू नका. हंगामाआधी एकदा आणि हंगामात दर महिन्याला त्याच्या रक्ताची तपासणी तुमच्या खर्चानं करा. प्लॉटच्या नमुन्यासाठी हजारो रुपये मोजताना तुमचा हात आखडत नाही, इथंही आखडू नका.

सरकारकडे माझी मागणी एकच आहे आणि ती अंमलात आणायला नवा कायदाही लागत नाही. ग्रेपनेट आणि अनारनेटवर प्लॉटची नोंदणी होते, तिथंच त्या प्लॉटवर फवारणी करणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद सक्तीची करा. मालाच्या अंश-तपासणीच्या अहवालाबरोबर त्याच्या कोलिनएस्टरेजचा अहवाल जोडलेला नसेल, तर कंटेनर हलू देऊ नका. ज्या दिवशी मजुराच्या रक्तासाठी एक कंटेनर अडेल, त्या दिवशी सोलापूरच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवडाभराच्या आत ही तपासणी सुरू होईल. द्राक्षासाठी आपण हे एकदा करून दाखवलं आहे, तेव्हा जमत नाही ही सबब आता कुणाच्याही तोंडून ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.